चाँदभाई ॲण्ड ब्रदर्स

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘चाँदभाई ॲण्ड ब्रदर्स, लाउडस्पीकरवाले, दौंड’ असं लिहिलेलं आहे. मला भाऊ नाही. चुलतसुद्धा नाही. पाटी रंगवायला आलेल्या पेंटरनं विचारलं, “नुसतं चाँदभाई लिहू? लई बोडकं दिसंल.” समोरच्या कापडवाल्याच्या पाटीवर ब्रदर्स होते, शेजारच्या घड्याळवाल्याकडं सन्स होते. मी म्हटलं, टाक ब्रदर्स. तेवढ्या एका शब्दानं पुढं माझी जी शोभा झाली, आणि त्या शोभेपायी मी जे करून बसलो, ते सांगायचं म्हणून हे लिहितो आहे. या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून ‘कर्ण्याच्या गमतीजमती’ हव्या होत्या. त्या देतोच. पण त्यांच्या मागं एक गोष्ट लपली आहे, ती आजवर मी कुणाला सांगितली नव्हती. ठाऊक होती फक्त घरात.

आधी धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. लाउडस्पीकर म्हणजे खेड्यातल्या भाषेत कर्णा. कर्णा हे नुसतं तोंड. त्याच्या बुडाशी एक युनिट असतं, तिथून वायर खाली ॲम्प्लिफायरच्या पेटीकडं येते. पेटीला लागते मोटारीची बॅटरी, कारण आमच्या गावोगाव वीज अजून यायची होती. बॅटरीला दोन चिमटे. चिमटे लावले की पेटी गुणगुणायला लागते, आतले काचेचे व्हॉल्व तांबडे होतात, आणि मग माईक. माईक हातात आला की माणूस बदलतो, हे मी शपथेवर सांगतो. घरात तोंड न उघडणारा नवरदेवाचा मामा माईकवर आला की खाली उतरत नाही.

माईक तपासायचं काम माझं. “हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन, माईक टेस्टिंग.” त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण ते हॅलो ऐकून मळ्यातली माणसं मोट सोडून गावाकडं निघायची. ते हॅलो मला फार प्रिय होतं.

या धंद्यातली सगळ्यात मोठी अक्कल म्हणजे कर्णा कुठं तोंड करून बांधायचा. त्याचं तोंड लोकांकडं हवं आणि पाठ बोलणाऱ्याकडं. तोंड जरा माईककडं वळलं, की कर्ण्यातला आवाज परत माईकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा कर्ण्यात, आणि असा गरगर फिरून त्याची शिट्टी होते. इंजिनाची नव्हे, कानातून आरपार जाणारी. पेटीवरचं बटण जास्त पिळलं तरी तेच. म्हणजे शिट्टी वाजली तर ती एक तर अडाणीपणानं वाजते, नाही तर मुद्दाम. मी अडाणी नव्हतो. हे वाक्य ध्यानात असू द्या.

कर्ण्याच्या तोंडावरून भांडणंही होत. शिरूर तालुक्यात कवठे येमाईला एका लग्नात वरबाप मला म्हणाला, “कर्ना मांडवाकडं नगं. त्या समोरच्या दाराकडं तोंड कर.” समोरचं दार त्याच्या भाऊबंदाचं. दोघांत बांधावरून बोलणं बंद. मी निमूटपणे बांधला. दिवसभर सनईच्या तबकड्या त्या दारात ओतल्या. तिसऱ्या प्रहरी तो भाऊबंद फेटा बांधून बाहेर आला. मला वाटलं आता काठी बसते. तर तो म्हणाला, “ओ कर्नेवाले, सकाळधरनं त्येच त्येच चाललंय. ऐकायचं आमीच हाय तर आमच्या पसंतीचं लावा की.” वरबापानं ते ऐकलं, हसू आवरेना, आणि उठून त्याला पंगतीला घेऊन गेला. दोन घरं बोलायला लागली ती माझ्यामुळं, असं मी पुढं कितीतरी दिवस सांगत होतो.

आता बॅटरी. बॅटरी जड असते आणि तिच्यात तेजाब असतं. एस. टी.चा कंडक्टर ती टपावर घेतो, पण गाडी जिथं थांबते तिथून सभेच्या जागेपर्यंत कुणीतरी न्यायची. ती नेत असे माझी बायको मेहरून. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बॅटरी. कर्णा मी खांद्यावर घ्यायचो, कारण कर्णा दिसायला रुबाबदार. बॅटरीचं पाणी बघणं, चिमटे घासणं, वायर गुंडाळणं, सगळं तिच्याकडं. तेजाबाचे थेंब उडून तिच्या पदराला चाळणीसारखी भोकं पडलेली असत. बॅटरी तिची आणि माईक माझा, अशी वाटणी कुणी न करताच झाली होती. माईकला हात लावायची बंदी मी तिला कधी केली नव्हती. तिनं कधी लावला नाही आणि मी कधी दिला नाही, एवढंच.

अशात आमच्या दुकानात यमुताई आल्या.

ताई दौंडच्याच. मालक रेल्वेत फायरमन, राहायला रेल्वेच्या चाळीत. शिक्षण चौथीपर्यंत. पाटस-वरवंडच्या बाजूला सडकेची खडी फोडणाऱ्या बायका ठेकेदाराच्या दारात बसल्या होत्या, तेव्हा त्यांच्यासाठी बोलायला कुणी मिळेना. ताई तिथं कुणा नातलगाकडं गेलेल्या. त्या बोलायला उभ्या राहिल्या त्या परत बसल्याच नाहीत. भांडण साधं होतं. खडीचा ढीग मोजून दाम मिळे, पण बाप्याच्या ढिगाला एक दाम आणि बाईच्या ढिगाला कमी. ढीग तेवढाच, माप तेच. ताईंचं एकच म्हणणं, आणि ते त्या ठेकेदारापासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना विचारत: “ढिगाकडं बघून सांगा, ह्यो बाप्यानं फोडला का बाईनं?” उत्तर कुणाकडं नव्हतं. फक्त सगळे म्हणत, पद्धत आहे.

मग जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक लागली आणि ताई उभ्या राहिल्या. चिन्ह कंदील. त्यांच्यासमोर आमच्या भागातले एक मोठे बागाईतदार, सगळे त्यांना आबा म्हणत. आबांचं चिन्ह सायकल. माणूस वाईट नव्हता, हसतमुख, पण बाई निवडणुकीला उभी राहते म्हणजे त्यांच्या लेखी ती एक करमणूक होती. दोघांनीही कर्णा माझाच ठरवला, कारण जवळपास दुसरा नव्हता. सकाळी ताईंची सभा, संध्याकाळी आबांची. तेच लिंबाचं झाड, तीच बॅटरी, तोच मी. एका संध्याकाळी दमलेल्या तोंडानं मी जाहीर करून बसलो, “बंधूंनो, आपले लाडके आबा यांच्या कंदिलावर शिक्का मारा.” आबांची माणसं धावून आली. आबा पोट धरून हसले. “आरं असू द्या. अंधार पडलाय, कंदील लागणारच.”

ताई पहिल्यांदा माईकसमोर आल्या तेव्हा त्यांनी तो जात्याच्या खुंट्यासारखा मुठीत धरला. मी म्हटलं, “ताई, एवढा आवळू नका, तो पळत नाही.” त्या म्हणाल्या, “मला काय म्हाईत? आजपतुर बापेमाणसांनी कवा हातातच दिला न्हाई.” लोक हसले, मीही हसलो. माझी आणि त्यांची त्या दिवशी गट्टी जमली.

आणि दौंडच्या बाजारातल्या सभेत ती गोष्ट घडली.

ताई रंगात आल्या होत्या. बाईच्या कामाला कुणी काम म्हणत नाही, हा मुद्दा चालू होता. बोलता बोलता त्यांची नजर समोरच्या माझ्या दुकानाच्या पाटीवर गेली. “आता हेच बघा. आपले चाँदभाई. पाटीवर काय लिवलंय? ॲण्ड ब्रदर्स. चाँदभाई, किती ब्रदर तुमचे?”

मी पेटीपाशी उभा. मी वाकून वायर तपासायला लागलो.

“आवो सांगा की. एवढी जड बॅटरी रोज कुठला ब्रदर वाहून आणतो?”

मेहरून झाडाच्या बुंध्याशी बॅटरीजवळ बसली होती, चुंबळ मांडीवर घेऊन. गर्दीतून एक हमाल ओरडला, “त्यो बघा ताई, त्यो खाली बसलाय बिरादर! लुगडं नेसलेला!”

अख्खा बाजार हसला. भाजीवाल्या बायका टोपल्यांवर हात मारून हसल्या. मेहरूनही पदर तोंडात धरून हसली. आणि ताई माईकवरून म्हणाल्या, “मग रामराम म्हना की ब्रदरला.” बाजारानं एका आवाजात म्हटलं, “रामराम, ब्रदर!”

त्या दिवसापासून दौंड तालुक्यात माझ्या बायकोचं नाव ब्रदर पडलं. पोरं म्हणायची, “ब्रदरकाकी, बॅटरी उतरली का?” पोस्टमन म्हणायचा, “ब्रदर घरात हायेत का?” तिला त्याचं काही वाटलं नाही. उलट तिची चाल जरा बदलली, ताठ झाली, असं मला तेव्हा वाटलं. मला मात्र ते झोंबलं. मी नवरा असून बायकोच्या डोक्यावर ओझं देतो, हे सगळ्यांना आधीपासून दिसतच होतं. आता त्याला नाव मिळालं आणि नाव मिळाल्यावर ते झाकता येईना. ताईंनी थट्टा केली होती, त्यात विष नव्हतं. विष माझ्यात होतं.

पुढची सभा पाटसला. तिथं ताईंना मतांची गरज सगळ्यात जास्त, कारण खडीवाल्या बायकांची वस्ती त्या बाजूला. आता गावातल्या सभेत माणसं कशी बसत ते सांगतो. पुढं बापे, सतरंजीवर. बायका मागं, लांब, कुणाच्या तरी भिंतीच्या आडोशाला, पदर घेऊन उभ्या नाहीतर ओट्यांवर. कर्ण्याचं तोंड पुढच्या बाप्यांवर. बायकांना जे काही ऐकू येई ते वाऱ्यावर येईल तेवढं. सगळे पुढारी म्हणत, बायका सभेत लक्ष देत नाहीत, आपसांत बोलत बसतात. इतकी वर्षं कर्णे बांधले, पण बायकांना ऐकू येतं का हे मी एकदाही मागं जाऊन बघितलं नव्हतं. गुन्हा म्हणायचा तर तोही माझाच. पण तो नकळत होता. पाटसचा कळून केलेला.

मी कर्णा झाडाला बांधताना त्याचं तोंड जरा आत वळवलं. कुणाला कळणार नाही एवढंच. ताई बोलायला लागल्या. “माझ्या खडीवाल्या बहिणींनो—” मी बटण पिळलं. शिट्टी वाजली. लोकांनी कानावर हात ठेवले. मी बटण कमी केलं, चेहरा काळजीचा केला. ताईंनी पुन्हा सुरुवात केली. ढिगाच्या दामाशी आल्या, पुन्हा शिट्टी. मग तर पोरं शिट्टीची नक्कल करायला लागली. आबांचा एक माणूस म्हणाला, “ताई, तुमचा कंदील लई भकभकतोय.” मागच्या बायकांना वाटलं सभा संपली. एकेक करून त्या डोक्यावरचा पदर सावरत घराकडं गेल्या. ताईंनी हात वर करून हाका मारल्या, त्यांचा आवाज शिट्टीत बुडाला.

मला त्या क्षणी बरं वाटलं. खरं तेच लिहितो आहे.

मेहरून खालून माझ्याकडं बघत होती. 

त्यानंतर वरवंड. महामार्गाला लागून गाव, बाजारपेठ, माणसं जमलेली भरपूर. खडी फोडणाऱ्या बायका कामावरून थेट आल्या होत्या, हातांना अजून चुन्यासारखी धूळ. मागं, भिंतीपाशी. मी कर्णा तसाच बांधला. ताई उभ्या राहिल्या. “माझ्या बहिणींनो” म्हणाल्या आणि मी बटणाला हात घातला. शिट्टी निघाली आणि अर्ध्यात तुटली. पेटीची गुणगुण बंद. व्हॉल्व विझले.

मी खाली पाहिलं. बॅटरीचा एक चिमटा मेहरूनच्या हातात होता. तिनं तो पदराखाली घेतला आणि दुसरीकडं बघायला लागली. मी खाली वाकून कुजबुजलो, “लाव.” घरात आम्ही आमच्या दखनी बोलीत बोलतो. तिचं उत्तर मराठीत लिहितो: “बॅटरी उतरली.” तेवढंच.

वर ताई माईक हलवत होत्या. “चाँदभाई, काय झालं?”

मी म्हटलं, “ताई, बॅटरी उतरली.”

ताईंनी क्षणभर विचार केला. मग माईक माझ्या हातात देऊन त्या सतरंजीवर खाली उतरल्या. “बरं झालं. आता माझा घसा जेवढा पोचंल तेवढाच. मागच्या बायांनी पुढं यायचं. बाप्यांनी मागं सरकायचं.”

खळबळ उडाली. पुढच्या रांगेत एक म्हातारे बसले होते, सगळं गाव त्यांना मामा म्हणे. ते म्हणाले, “म्हंजी? आमी आता बायांच्या मागं बसायचं?”

“मामा, शेतात पेरताना बाया जल्मभर तुमच्या मागं चालल्यात. कोन मेलं का?”

“न्हाई, मेलं न्हाई कुनी,” मामा पुटपुटले.

“मग सरका. एक सांज तुमी मागं बसा, तुमीबी मरनार न्हाई.”

हसत, कुरकुरत बापे मागं सरले. बायका पुढं आल्या. आधी चार, मग त्यांच्या मागून सगळ्या, जमिनीवर दाटीवाटीनं. ताई बोलल्या, पण फार नाही. त्या म्हणाल्या, “माझं तुमी ऐकलंय. आता तुमच्यातली एक बोला.” कुणी उठेना. शेवटी तान्हाबाई नावाची एक उभी राहिली. मागच्या बाभळीला टांगलेल्या झोळीतून तान्ही पोर उतरवून तिनं शेजारणीच्या मांडीवर दिली. ओटीत हात घातला आणि दोन पुरचुंड्यांतली दोन मुठी खडी काढली.

“मुकादम म्हनतो, बाईची खडी बारीक-मोटी अस्ती, सारकी नस्ती, म्हनून दाम कमी. ह्या डाव्या हातातली एकाची, ह्या उजव्या हातातली एकाची. एक बाई हाय, एक बाप्या. वळखा बरं.” आणि ती थेट मागं बसलेल्या मामांपाशी गेली. “मामा, तुमी सांगा. तुमचे डोळे म्हातारे असले तरी पारखी हायेत.”

मामांनी दोन्ही मुठी जवळ नेल्या. खडे बोटांनी उलटसुलट केले. एक खडा दातांत धरून बघितला, कशाला ते त्यांनाच माहीत. मग उजवा हात दाखवून ठामपणे म्हणाले, “ही बाप्याची. कशी एकसारकी, ठसठशीत हाय बघ.”

“ती माझी हाय,” तान्हाबाई म्हणाली. “डावी माझ्या मालकाची. त्यांनीच दिली मूठभर. ते बघा, तितं उभे हायेत.”

मागं उभा असलेला तिचा नवरा डोकं खाजवत म्हणाला, “व्हय. माजी जरा भुगाच हुती.”

हसण्यानं वरवंड हादरलं. मामाही हसले, कपाळावर हात मारून. आबांची माणसंसुद्धा हसत होती. खडीची ती मूठ चार हातांवरच्या माणसांनाच दिसली, आणि बाकीच्यांना शेजाऱ्यानं सांगितली. मला आजही वाटतं, कर्णा चालू असता तर हे झालंच नसतं. ताईंनी भाषण केलं असतं, बापे ऐकून घरी गेले असते.

परतीला मी बॅटरी उचलायला गेलो. मेहरूननं ती उचलू दिली नाही. चुंबळ नीट करत म्हणाली, “शिट्टी आपोआप वाजत न्हाई, एवढं मला कळतं. पुन्यांदा वाजली तर बॅटरी तुमच्या डोक्यावर, आन् मी कर्णा घेऊन पुढं.” एस. टी.त आम्ही शेजारी बसलो. दौंड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

ताई ती निवडणूक हरल्या. थोडक्यात हरल्या. वरवंडनं त्यांना भरभरून दिलं, पण पाटसच्या बाजूनं हात आखडला. निकालानंतर त्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या. चेहरा उतरलेला, पण आवाज नेहमीचा. “चाँदभाई, पाटसच्या बायांपतुर माझा आवाज पोचलाच न्हाई. वरवंडला बॅटरी उतरली, ते देवाचं केलं. पाटसला बी उतरायला हवी हुती. तुमचा काय दोष, यंत्र ते.”

आतल्या दारात मेहरून उभी होती. मी म्हणालो, “व्हय ताई, यंत्र ते.”

ताई हरल्या म्हणून खडीवाल्या बायकांचं काम थांबलं नाही, पण लांबलं. परिषदेत असत्या तर जे त्याच उन्हाळ्यात झालं असतं, ते पुढच्या उन्हाळ्यात झालं. दारात बसून, अर्ज देऊन, ठेकेदाराच्या जीपसमोर झोळ्या बांधून झालं. एका ढिगाला एक दाम. मधला एक उन्हाळा मात्र बायकांनी कमी दामावरच खडी फोडली. सडकेवरून एस. टी.नं जाताना बाभळीला टांगलेल्या झोळ्या दिसायच्या आणि मी दुसऱ्या बाजूला बघायचो. तो एक उन्हाळा माझा आहे. तो कुणी मला लावला नाही, पण आहे माझाच.

काही मी बदललं. दुसरा कर्णा घेतला. तेव्हापासून माझी रीत अशी की एक कर्णा पुढं आणि एक मागं, बायकांकडं तोंड करून. लोक विचारत, “मागं कशाला? मागं बायाच हायेत की.” मी म्हणे, “म्हणूनच.” बॅटरीसाठी सायकल घेतली, कॅरियरवर बांधून ढकलत नेतो. पहिल्या दिवशी मी सायकल ढकलतोय आणि मेहरून मोकळ्या हातानं चालतीय हे बघून तो बाजारातला हमाल ओरडला, “ब्रदर, आज रजा का?” ती म्हणाली, “बढती मिळाली.”

ताई पुढच्या निवडणुकीत उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या, चांगल्या दणक्यात. परिषदेत गेल्या तशा त्यांनी रोजगाराच्या कामांवर तान्ह्या पोरांच्या झोळ्यांना सावली मागितली, बाई मुकादम मागितली, आणि बऱ्याचशा गोष्टी खुर्च्यांवरच्या बापेमंडळींकडून हसवत हसवत काढून घेतल्या. पण त्यांच्या प्रत्येक भाषणाची सुरुवात एकच. “एकदा वरवंडला आपल्या चाँदभाईंची बॅटरी उतरली…” आणि मग खडीची गोष्ट. मी खांबापाशी उभा राहून मान डोलवायचो. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. प्रत्येक वेळी मान जड व्हायची.

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं, लिहायचं तर सगळं. पण छापण्याआधी ताईंना वाचून दाखवायचं. मेहरूनला विचारलं. ती म्हणाली, “आत्ता सुचलं व्हय?” आणि पायात चप्पल सरकवत, “मी बी येते संगती.”

ताई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी वाचलं. पाटसपाशी आलो तेव्हा त्यांचे हात थांबले. माझं वाचून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग उठल्या.

“त्या बाया घरी गेल्या. मी हाका मारीत हुते. त्या तुमच्यामुळं गेल्या?”

“व्हय, ताई.”

“आन् मी इतकी वर्सं यंत्राला नावं ठेवली.”

त्या आत निघून गेल्या. मी ओट्यावर तसाच. मेहरूननं सूप पुढं ओढलं आणि उरलेल्या शेंगा फोडायला लागली, जणू तिच्याच घरच्या. बऱ्याच वेळानं ताई दोन कप चहा घेऊन आल्या. एक मेहरूनला दिला, एक माझ्यापुढं ठेवला.

“घ्या. माफ केलं असं समजू नगा. चहा आल्या माणसाला अस्तो.”

मी घेतला. ताई मेहरूनकडं वळल्या. “आन् तू गं? चिमटा काढलास, मला एका सबदानं बोलली न्हाईस?”

“नवरा हाय, ताई,” मेहरून म्हणाली. “घरचं यंत्र. त्याची शिट्टी मी घरातच बंद केली.”

ताई हसायला लागल्या. हसताहसता डोळे पुसले. “आवो, पण माझं भाषण! आता गावोगाव काय सांगू? बॅटरी उतरली म्हनून सांगत आले, लोकांना पाठ हाय.” मग त्यांचा चेहरा एकदम कामाचा झाला, सभेत असतो तसा. “चाँदभाई, छापा ह्ये. एक अक्षर गाळू नगा. पण आदी एक करायचं. परवा शिरूरला खडीवाल्यांची सभा हाय. तितं माईकचं टेस्टिंग तुमी करायचं न्हाई.”

“मग कोण करणार?”

ताईंनी मेहरूनकडं बघत शेंगदाणा तोंडात टाकला.

शिरूरला गर्दी मोठी होती. नदीकडून वारा होता. मी दोन्ही कर्णे बांधले, मागच्याचं तोंड बायकांकडं. चिमटे मेहरूननंच लावले. पेटी गुणगुणली. माझे हात सवयीनं माईककडं गेले आणि तिथंच थांबले. मी तो तिच्याकडं धरला.

तिनं पदराला हात पुसले. माईक घेतला. मी कुजबुजलो, “फुंकर मारू नको, बिघडतो.” तिनं माझ्याकडं बघितलं आणि बेतशीर, मुद्दाम एक फुंकर मारली. दोन्ही कर्ण्यांतून वारा सुटला. मग तिनं मान वळवून मागच्या बायकांकडं तोंड केलं.

“हॅलो, हॅलो. मागं ऐकू येतंय का गं सगळ्यांना? ब्रदर बोलतीया.”